बाबलो, कामावर

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक मांगर होता. त्यात पेंढा, मोडके नांगर आणि बाबांची एक जुनी, तळ गेलेली होडी असायची. इंदूताईंनी तो भाड्याने मागितला तेव्हा बाबांना वाटलं, बाईला काजू भरून ठेवायचे असतील. मग एके दिवशी टेम्पो आला आणि त्यातून एक लोखंडी यंत्र उतरलं. दोन जाड रूळ, त्यांच्यामध्ये सरकणारी फळी आणि बाजूला बैलगाडीच्या चाकाएवढं चाक. ते उतरवायला सात माणसं लागली. आये ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "उसाचो रस काडून इकतली वाटता." पुढचे कित्येक दिवस गावात ते यंत्र रसाचंच होतं.

इंदूताई कोल्हापूरकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. कमरेला कायम शाईने काळं झालेलं फडकं खोचलेलं, आणि बोलणं असं सावकाश की समोरच्याने मधेच वाक्य पुरं करून टाकावं. त्या 'उमट' नावाचं मासिक काढायच्या. मासिक म्हणायचं, पण वर्षातून तीनदा निघालं तरी खूप. लाकडावर, लिनोच्या मऊ पत्र्यावर कोरून चित्रं छापणारे आणि फोटो काढणारे, अशा दोन जातींच्या माणसांसाठी ते होतं. त्यांना दुसरीकडे कुठे जागा नव्हती. मजकूर कुडाळच्या छापखान्यातून यायचा; पण प्रत्येक प्रतीत एक छापचित्र आणि एक फोटो खरा असायचा, आमच्या मांगरात हाताने केलेला आणि हाताने चिकटवलेला. त्यासाठी रविवारी माणसं यायची. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातली एक बाई यायची, तिची बोटं चिकाने काळी पडलेली, पण त्याच बोटांनी ती लिनोवर केसाएवढी बारीक रेघ काढायची. नांदगाव स्टेशनसमोरचा एक स्टुडिओवाला यायचा. सहा दिवस लग्नं काढायचा आणि सातव्या दिवशी रिकामे बाक. आये सगळ्यांना घावणे आणि नारळाचा रस द्यायची आणि मागाहून मला म्हणायची, "हेंका काय घराकडे काम नाय?" पण रविवार आला की तांदूळ आदल्या रात्रीच भिजत घातलेले असायचे.

मी वीस वर्षांची होते. कॉलेज अर्धवट सोडलेलं. इंदूताईंनी मला एक जुना फिल्मचा कॅमेरा दिला आणि मांगराच्या कोपऱ्यात काळे पडदे लावून अंधारी खोली करायला शिकवलं. तोवर बाहेरच्या जगात फिल्म जवळजवळ संपत आली होती. मोबाइल आले होते, फक्त रेंजसाठी डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर चढावं लागे. इंदूताई त्या जुन्या गोष्टीला का धरून बसल्या होत्या ते मी तेव्हा विचारलं नाही. मला एवढंच कळत होतं की लाल दिव्याखाली पांढरा कागद औषधाच्या पाण्यात बुडवला की त्यावर हळूहळू माणूस येतो, आणि ते बघताना मी श्वास घ्यायला विसरते. मांगरात शाई रुळावर लाटली की तळणीत मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज येई. तो आवाज, रॉकेलचा वास आणि आयेच्या हातचं तारली मासळीचं तिखलं, ह्यात ते पहिलं वर्ष गेलं. आज मागे वळून बघताना त्या वर्षात मला भीती अशी कसलीच दिसत नाही. ती नंतर आली, आणि मग बराच काळ राहिली.

माझा भाऊ, दादा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो वाळूच्या होडीवर जायचा. खाडीत वाळू काढणं नवं नव्हतं. गावातली माणसं बुडी मारून घमेल्याने वाळू वर आणायची. पण ज्याच्या होड्या होत्या, ज्याला सगळे नुसतं 'भाऊ' म्हणत, त्याने पंप आणला होता. पंपाला बंदी होती. म्हणून तो उजाडता उजाडता पाण्यात सोडायचे आणि आठच्या आत काढून झाकून ठेवायचे. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. दादाबरोबर बाबलो असायचा. खालच्या वाडीतल्या पारूकाकीचा एकुलता एक मुलगा. हाडकुळा, मोठमोठ्याने हसणारा. आमच्या घरी आला की आधी चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडून बघायचा.

एका सकाळी मी खाडीच्या काठाने फोटो काढत फिरले. धुकं होतं, पाणी दुधासारखं. एक होडी मधोमध दिसली, वरची माणसं धुक्यात ओळखू आली नाहीत; तिचे दोन-तीन फोटो घेतले आणि घरी आले. रोल अर्धाच झाला होता म्हणून कॅमेऱ्यातच राहिला. त्याच दिवशी संध्याकाळी बातमी आली की बाबलो सापडत नाही. दोन दिवसांनी तो खाडीच्या मुखाशी सापडला. गावात सांगितलं गेलं ते असं, की तो पहाटे दारू पिऊन एकटाच जाळं टाकायला गेला आणि पडला. भाऊच्या होड्या त्या दिवशी पाण्यात उतरल्याच नव्हत्या. होडीवरच्या माणसांनी पोलिसांना तसं लिहून दिलं. त्यांत दादा होता.

त्या दिवसापासून आमचं घर बदललं. दादाने मासळी खायची सोडली. पानात वाढलेलं तो भाताखाली लपवायचा आणि आये ते बघून न बघितल्यासारखं करायची. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की तो उठून मागच्या दारी जायचा. एकदा मी विहिरीवर गेले तर तो नुसता पाण्यात बघत उभा. मी हाक मारली तर दचकून त्याने रहाटाचा दोर सोडून दिला, आणि कळशी खाली आपटल्याचा आवाज बराच वेळ विहिरीत घुमत राहिला. आयेने मला चुलीपाशी बसवून सांगितलं, "कोणी इचारल्यान तर दादाक त्या दिसा ताप होतो. घराकडेच होतो. समाजलां?"

"होतो काय गो ताप?" मी विचारलं.

आयेने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "होतो," ती म्हणाली.

 बाबा त्या दिवसांत देवाला फूल ठेवतानासुद्धा कोणी मागे उभं आहे का ते बघून घेत.

आठ-दहा दिवसांनी रोल संपला आणि इंदूताईंनी आणि मी तो धुतला. निगेटिव्हच्या पट्टीवर इंदूताई भिंग धरून वाकल्या आणि एका चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं. "हा. नव्या अंकाचा फोटो हाच." मी मोठा कागद लावला, उजेड दिला, ट्रेमध्ये सोडला. आधी होडीची कड आली. मग पाण्यात गेलेला जाड पाइप. मग पाइपला धरून वाकलेला एक माणूस, डोक्याला टॉवेल, ओठ उघडे, हसत काहीतरी बोलणारा. बाबलो. आणि त्याच्या मागे, पंपावर एक हात ठेवून उभा, अंगात आयेने बाजारातून आणलेला चौकडीचा शर्ट, दादा.

मी चिमट्याने कागद परत ट्रेत दाबला. त्या खोलीत एवढा अंधार होता म्हणून बरं. मी म्हणाले, "ताई, हललाय फोटो."

"हलू दे की. पाणी हलतंच," त्या म्हणाल्या. "ह्या माणसाचं हसू बघ. काम करताना माणूस असा सापडत नाही." त्यांना गावातलं कोणी नीटसं ओळखीचं नव्हतं. बाबलो यायचा तो चुलीपाशी, मांगरात नाही, म्हणून त्याला त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं, आणि दादाचं तोंड फोटोत अर्धं सावलीत होतं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं तर दादा अडकेल ही एक भीती, नाही सांगितलं तर फोटो छापून येईल ही दुसरी, आणि मी दोन्हींच्या मधे गप्प उभी राहिले. प्रत्येक प्रतीसाठी एक फोटो लागायचा, म्हणजे तोच फोटो पुन्हा पुन्हा काढायचा. दुपारी दुपारी मी त्या काळ्या पडद्यांमागे बसायचे आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या कागदातून आधी होडी यायची, मग बाबलो, मग माझा भाऊ. मनात यायचं, ह्या वेळी दादा येणार नाही. तो यायचाच. वाळत घातलेले फोटो दोरीवर ओळीने लटकायचे आणि वाऱ्याने फिरायचे तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून बसायचे. अजूनही कपडे वाळत घातलेली दोरी वाऱ्यात एकदम फिरली की मी तिच्याकडे पाठ करते.

अशाच एका दुपारी भाऊचा मुकादम मांगरात आला. इंदूताई पोस्टात गेल्या होत्या. मी नुकतीच काळ्या पडद्याबाहेर आले होते आणि ओले फोटो आतच होते. तो स्टुलावर बसला. यंत्राचं चाक त्याने हलकेच फिरवून बघितलं. कपाळावरचा घाम पुसला आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. ओतताना पाणी सांडलं ते त्याने पाहिलं.

"तू फोटो काडतंस मा?" त्याने अगदी प्रेमाने विचारलं.

"होय."

"खाडयेर पण जातंस."

"कदी कदी."

"बाबलो गेलो त्या दिसा गेललंस काय? कोणीतरी माका म्हणालो, तुमचां चेडू काठार दिसलां होतां."

"नाय," मी म्हणाले. "त्या दिसा दादाक ताप होतो. मी घराकडेच होतंय."

त्याने मान डोलावली. काळ्या पडद्याकडे बघितलं. पडद्यामागून ट्रेमध्ये पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. मला तो आवाज देवळातल्या घंटेएवढा मोठा वाटत होता. तो उठला, पडद्याजवळ गेला, कापडाला दोन बोटं लावली. "हंय काय आसा?"

"औषधां आसत फोटोची. उजेड लागलो की वाया जातत."

तो तसाच उभा राहिला. मग त्याने बोटं काढून घेतली. "तुजो दादा बरो झील," तो म्हणाला. "तेका सांभाळा. खाडयेर पाणी खोल आसा." आणि निघून गेला. दारात त्याला इंदूताई भेटल्या, त्याने त्यांना वाकून नमस्कार केला.

इंदूताईंनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली. मी जमिनीवर बसले होते.  मग मी सगळं सांगितलं. फोटोत कोण आहे, दादाने काय लिहून दिलं, आयेने मला काय सांगायला लावलं. त्या ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता त्यांनी मांगराचं दार लावून कडी घातली. मला वाटलं होतं त्या धीर देतील, काहीतरी मोठं बोलतील. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "सुलू, मलाही भीती वाटते आहे. मी इथे एकटी राहते." मग म्हणाल्या, "मी अंक थांबवते. दुसरा फोटो घालू, स्टुडिओवाल्याच्या रिकाम्या बाकांचा. हा फोटो तुझा आहे आणि त्यातला माणूस तुझा भाऊ आहे. तू सांगशील तर मी आत्ता निगेटिव्ह चुलीत घालते. पण त्याला न दाखवता जाळू नकोस. एवढंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा काजूच्या बागेत पाला ओढत होता. मी फोटो वहीत घालून नेला. त्याने हात पुसून तो घेतला आणि इतका वेळ बघत राहिला की माझा धीर सुटला. "ह्यो माजो शर्ट," एवढंच तो म्हणाला. मग पाल्यावर बसला.

"फाडून टाकूया?" मी विचारलं.

"पायपाच्या तोंडाक दगड अडाकलो होतो," तो म्हणाला, जणू मी तेच विचारलं होतं. "बाबलो खाली गेलो काडूक. पंप बंद करूचो असता, नायतर पायप माणसाक ओडून धरता. नेहमी करतंव. मुकादम दुसऱ्या होडयेर होतो, तो वराडलो, बंद करू नको, येळ झालो, उजाडला. बटन माज्या हाताकडे होतो." तो थांबला. "मी येक ते धा मोजलंय. मगे वीस मोजलंय. मगे बंद केलंय."

मी त्याच्याजवळ पाल्यावर बसले. लांब कुठेतरी कोणी कोयत्याने फांदी तोडत होतं, त्याचे ठोके ऐकू येत होते. मुकादमाची भीती मला होतीच. पण आता मला दादाची भीती वाटली. म्हणजे हा आता काय करील, ह्याची. विहिरीत बघत उभा राहिलेला तो मला आठवला आणि मी त्याचा दंड धरला. त्याने सोडवून घेतला नाही.

"चल," तो म्हणाला.

"खंय?"

"पारूकाकीकडे."

खालच्या वाडीला जाताना त्याने दोनदा वाट बदलली. एकदा तर तो माघारी फिरला, शंभर पावलं चालून गेला आणि परत आला. मी मागून चालत होते आणि माझ्या मनात, खरं सांगते, एवढंच होतं की काकी घरी नसावी. ती घरी होती. मागल्या दारी बसून विळीवर खाडीतले मुळे, शिंपल्यांतली मासळी, फोडत होती. शिंपल्यांचा ढीग एका बाजूला. आम्हाला बघून तिने विळी सरकवली आणि बसायला पाट पुढे केला. दादा बसला नाही. त्याने फोटो तिच्यापुढे धरला. तिने हात पदराला पुसले, फोटो घेतला, उजेडाकडे वळवला.

"ह्या त्याच दिसाचा?" तिने विचारलं.

"होय," मी म्हणाले.

"मी सगळ्यांका सांगी होतंय," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "पेज खाऊन गेलो. लोणचां मागून घेतल्यान. दारू खंयची सकाळी? कोणी आयकला नाय. पोलीस म्हणालो, आवस अशीच सांगतली." तिने बाबलोच्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग तो अंगठा जरा मागे सरकला आणि थांबला. "आणि ह्यो तूच मा रे?"

दादाने तिला सगळं सांगितलं. दगड, मुकादम, बटण. मोजलेले आकडेसुद्धा. तिने फोटो खाली ठेवला नाही. तो बोलायचा थांबला तेव्हा मला वाटलं, आता ही विळी उचलील. तिने मुळ्यांचं भांडं जवळ ओढलं, त्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "जा. आता माका तुजां तोंड बघूचां नाय. पण ज्यांका सांगूचा तेंका जाऊन सांग."

त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि मी त्याच्याबरोबर पोलीस स्टेशनला गेलो.  रस्त्यात प्रत्येक मोटारसायकलला मी मागे वळून बघत होते. दादा एरवी साहेबासमोर शुद्ध बोलायचा, "मी आलो होतो, मी केलं होतं" असं. त्या दिवशी अधिकाऱ्याने विचारलं, "आधीचा जबाब खोटा होता का?" आणि तो सरळ मालवणीत म्हणाला, "होय. पंपाचो बटन माज्या हाताकडे होतो." अधिकाऱ्याने लिहायचं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मग फोटो मागितला, निगेटिव्हही मागितली. ती द्यायला इंदूताई स्वतः आल्या. साडी नेसून, कमरेचं फडकं न खोचता. त्यांना तसं मी पहिल्यांदाच बघत होते.

अंक निघाला. त्यात बाकांचा फोटो नव्हता. आधी काढून ठेवलेल्या प्रिंटच इंदूताईंनी आणि काजूवाल्या बाईने बसून चिकटवल्या, आणि खाली त्यांनी फक्त तीन शब्द छापले: 'बाबलो, कामावर. सकाळ.' आरोप नाही, कोणाचं नाव नाही. अंक पोस्टात पडल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे बाजाराला गेलो असताना कोणीतरी मांगराची कौलं फोडली, औषधं ओतून दिली आणि कोरलेले लाकडाचे ठोकळे विहिरीत टाकले. आम्ही ते दोर सोडून वर काढले. फुगून त्यांना भेगा गेल्या होत्या. पुढे कित्येक महिने आये संध्याकाळ झाली की सगळी दारं लावून त्यांना पाट टेकवायची. बाबांशी गावातली निम्मी माणसं बोलेनाशी झाली. भाऊच्या होड्यांवर त्यांची पोटं होती, त्यांचंही काय चुकलं. चौकशी नव्याने सुरू झाली, पंप जप्त झाला, खटला इतकी वर्षं चालला की त्यातले काही साक्षीदार म्हातारे होऊन गेले. होड्यांचा मालक भाऊ सुटला. मुकादमाला थोडी शिक्षा झाली. दादाने आपला गुन्हा कबूल केला होता. त्याचंही जे व्हायचं ते झालं, आणि तो काही काळ घराबाहेर, तुरुंगात होता. इंदूताई घाबरल्या होत्या तरी गेल्या नाहीत. आणखी सहा वर्षं त्यांनी 'उमट' आमच्याच मांगरात काढलं, आणि रविवारी माणसं येत राहिली.

दादा परत आला त्या आठवड्यात खालच्या वाडीतून निरोप आला, पारूकाकीने बोलावलंय. तो दिवसभर गेला नाही. जेवला नाही. मी म्हटलं, मी येते बरोबर, तर नको म्हणाला, आणि मग आंघोळ करून एकटाच गेला. मी लांबून मागे गेलेच. काकी ओट्यावर बसली होती. तिच्या घरात भिंतीवर, देवांच्या खाली, मासिकातून सोडवून घेतलेला तो फोटो काचेत लावलेला उघड्या दारातून दिसत होता, आणि दादाला तिने त्यातून कापून काढलं नव्हतं. तो अंगणात उभा राहिला. मी कुंपणाशी थांबले.

"त्या सकाळी होडयेर तो हसा होतो," काकी म्हणाली. "कित्याक हसा होतो?"

दादाला आधी आठवेना. मग आठवलं. मुकादमाच्या टोपीवर कावळा बसला होता, त्याची काहीतरी गंमत. तो अडखळत सांगायला लागला. तिने हात वर करून त्याला थांबवलं, पाट सरकवला आणि म्हणाली, "बस. पयल्यापासून सांग."